सिंधुदुर्गातले आठवडा बाजार : परड्यातला (घरामागच्या बागेतला) माल कुठे, कधी आणि कोणाकडून घ्यावा?

अंगणवेल | ४ मे, रात्री ९.१५

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे (मी, यजमान, सासूबाई आणि बारावीच्या परीक्षेतून सुटलेली मुलगी) कुडाळपासून सात-आठ किलोमीटरवर ओळखीच्या एका घरी आठ दिवस राहायला जात आहोत. समुद्र, किल्ले आणि देवळे यांची माहिती मुबलक मिळते. मला विचारायचे आहे ते बाजारांविषयी. पुण्यात आम्ही कृषी पणन मंडळाच्या शेतकरी आठवडी बाजारातून भाजी घेतो. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळल्यानंतर असे बाजार शहरात रुळले, आणि तिथे समोरचा विक्रेता शेतकरी किंवा शेतकरी गटातला आहे असे धरून चालण्याची आम्हाला सवय लागली.

तीच सवय कोकणात महागात पडली. दोन वर्षांपूर्वी महामार्गावरच्या एका टपरीवर पाच डझनांची हापूसची पेटी घेतली. वरच्या थरातली फळे चित्रात काढल्यासारखी होती, खालच्या थरातली लिंबापेक्षा थोडी मोठी. त्याच ठिकाणी घेतलेले कोकम पाण्यात टाकताच पाणी लालभडक झाले आणि हातात पांढुरकी साल उरली. टपरीवर पाटी होती, ‘थेट बागेतून’.

यावेळी जे घ्यायचे ते पिकवणाऱ्याकडून किंवा घरी करणाऱ्याकडून घ्यावे असे ठरवले आहे. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी असतो, तिथे गावचा माल कसा ओळखावा, भाव करणे शिष्टसंमत आहे का, आणि मेच्या अखेरीस नेमके काय मिळते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

परडेवाला | ५ मे, सकाळी ७.४०

तुमचा मुक्काम कुडाळजवळ आहे, तेव्हा बुधवार राखून ठेवा. कुडाळचा बाजार बुधवारी असतो. मालवणचा सोमवारी, कणकवली आणि सावंतवाडी या दोन्ही ठिकाणचा मंगळवारी. मोटारीने येणार असाल तर एक सूचना. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्या कणकवलीच्या डोक्यावरून, पुलावरून निघून जातात आणि खाली बाजार भरला आहे याचा प्रवाशाला पत्ताही लागत नाही. म्हणून ज्याला बाजार हवा त्याने मुद्दाम खाली उतरले पाहिजे. जो उतरत नाही त्याच्यासाठी पुढे टपऱ्या आहेतच, आणि त्यांचा अनुभव तुम्ही घेतलेला आहे.

आता मुख्य मुद्दा. आठवडा बाजारात शिरल्यावर प्रथम जे नजरेत भरते ते जवळजवळ सगळे बाहेरचे असते. कांदे, बटाटे, टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची यांचे ढीग घाटावरून येतात. बेळगाव, चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर इकडचे व्यापारी आंबोली, तिलारी, फोंडा, करूळ अशा घाटांनी पहाटे गाड्या उतरवतात आणि बाजाराचा मधला, सोयीचा भाग त्यांचा असतो. त्यात कसलीही लपवाछपवी नाही. विचारले तर ते स्वतःच बेळगावचा माल म्हणून सांगतात. चूक होते ती आपली, कारण कोकणातल्या बाजारात मांडले आहे म्हणजे ते कोकणात पिकले असणार असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो.

गावचा माल बाजाराच्या कडेला बसतो. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या एसटीने टोपली घेऊन उतरलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर किंवा गटाराच्या कठड्याला टेकून गोणपाट पसरतात, बसल्या जागेची पावती फाडून घेतात आणि माल संपला की दुपारच्या आधी घरची एसटी धरतात. त्यांच्यासमोर काय आहे यापेक्षा किती आहे ते पाहावे. एकाच वस्तूचा मोठा ढीग मांडून बसलेली बाई बहुधा विकत आणून विकणारी असते. जिच्यासमोर दोन फणस, अकरा नारळ, एक केळफूल, सात-आठ गावठी अंडी आणि कागदाच्या पुडीत तिरफळे आहेत, तिच्या घरामागे ती झाडे उभी आहेत आणि ती कोंबडी तिच्याच अंगणात फिरते आहे. आमच्याकडे शेत म्हणजे मुख्यतः भात. बाकीचे सगळे परड्यात येते आणि परड्यातले पीक कधीच एका मापाचे, एका रंगाचे किंवा गाडीभर नसते. पुण्याच्या धर्तीचा शेतकरी बाजार इथे का रुजत नाही याचे उत्तरही मला त्यातच दिसते. अकरा नारळांसाठी कोणी गट स्थापन करत नाही.

विचारायचे असेल तर ‘सेंद्रिय आहे का’ असे विचारू नका, कारण त्या शब्दाला ‘होय’ हे एकच उत्तर ठरलेले असते. ‘गाव खयचो?’ असे विचारावे आणि मग झाडाविषयी बोलावे. फणस कापा (घट्ट गऱ्यांचा) आहे की बरका (मऊ गऱ्यांचा), झाड विहिरीजवळचे की भरडावरचे (कोरड्या, उंच जमिनीवरचे), कधी उतरवला, हे जिला माहीत आहे ती दहा मिनिटे बोलेल. जिला माहीत नाही ती किलोचा भाव सांगून थांबेल.

मापांची थोडी तयारी ठेवा. कडेला बसणाऱ्या बायकांकडे तराजू असेलच असे नाही. करवंदे, जांभळे आणि मासळी वाट्यावर (मांडलेल्या छोट्या ढिगावर) मिळते, नारळ नगावर, आणि रातांबे (कोकमाची फळे) कोणी वाट्यावर तर कोणी किलोवर देते. काही आज्या कुळीथ अजून शेराच्या मापानेच मोजतात.

घाटवाट | ५ मे, दुपारी १.०५

परडेवाला यांनी ‘लपवाछपवी नाही’ असे लिहिले याबद्दल त्यांचे आभार, परंतु मधल्या भागातला माल म्हणजे टाळण्याजोगा माल असा जो सूर लागला आहे त्याला माझी हरकत आहे. आमचे गाव चंदगड तालुक्यात आहे. आमच्या घरातली तिसरी पिढी कोकणच्या बाजारांत भाजी विकते आहे. सोमवारी मालवण, मंगळवारी कणकवली, बुधवारी कुडाळ असा आमचा आठवडा ठरलेला असतो. रात्री दीड-दोनला गाडी भरायची, उजाडायच्या आत घाट उतरायचा आणि संध्याकाळी उरलेले कोबी मिळेल त्या भावाला देऊन परत निघायचे. या भाजीतली निम्मी आमच्या भावकीच्या शेतातली असते. मग पिकवणाऱ्याकडून घ्यायचे असेल तर मी कोण?

जांभ्याच्या कातळावर आणि कोकणच्या पावसात बटाटा होत नाही, कांदाही जेमतेम होतो. म्हणून ही देवाणघेवाण फार जुनी आहे. आम्ही भाजी घेऊन उतरतो आणि परतताना नारळ, सोले (कोकमाच्या वाळवलेल्या साली, म्हणजेच आमसुले) आणि सुकी मासळी वर नेतो. बेळगावातल्या कितीतरी घरांतली आमसुले अशीच घाट चढून गेलेली आहेत. शिवाय आमच्याकडच्या काही वस्तू या बाजारातून मुद्दाम घ्याव्यात अशा आहेत. आजरा घनसाळ हा सुवासिक तांदूळ त्यांपैकी एक. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र तो घेताना चार दाणे तळहातावर चोळून वास पाहा, कारण त्या नावाने दुसरा तांदूळही विकला जातो.

परडेवाला | ५ मे, दुपारी ३.२०

हरकत मान्य. मला ‘गावचा’ आणि ‘घाटावरचा’ एवढाच भेद सांगायचा होता, त्यात खरा-खोटा असा अर्थ निघत असेल तर तो माझ्या लिहिण्याचा दोष. कोकणात राहून कोबी खाणारा मीही तुमचाच गिऱ्हाईक आहे.

रातांबा | ५ मे, रात्री १०.३०

कोकमाविषयी मी लिहिते, कारण आमच्या घरी दर मे महिन्यात हेच काम चालते आणि सध्या माझे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे आहेत.

सालीचा रंग पाण्यात एकदम उतरणे हे वाईट लक्षण आहे, पण त्याचे कारण प्रत्येक वेळी वरून लावलेला रंगच असेल असे नाही. पुटे कमी दिलेली असली तरी साल लवकर फिकी पडते. रातांबा फोडून बी आणि गर वेगळा काढतात आणि साल उन्हात टाकतात. गरात मीठ घालून ठेवले की त्याला रस सुटतो. दिवसभर वाळलेली साल रात्री त्या रसात बुडवायची आणि सकाळी पुन्हा उन्हात पसरायची, याला पुट देणे म्हणतात. चार-पाच पुटे दिलेले सोल काळपट जांभळे, दाट आणि बोटात वाकणारे होते. आमटीत त्याची दोन पुरतात. एका पुटावर उरकलेले सोल पातळ आणि कडकडीत असते. ते स्वस्त पडते, पण शेवटी दुप्पट लागते. बाजारात पाहताना एक सोल उघडून त्याची आतली बाजू पाहा. बाहेर गडद आणि आत फिकट असेल तर ते घेऊ नका.

आगळ म्हणजे मीठ घातलेला निव्वळ रस. त्यात पाणी नसते आणि साखरही नसते. सरबताच्या बाटल्यांच्या शेजारीच आगळाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, त्यामुळे शहरातले लोक गोंधळतात आणि नंतर सोलकढी गोड झाली म्हणून तक्रार करतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु टोपलीत बसलेल्या सोलावर कोणी शिक्का मारत नाही, तेव्हा डोळे आणि जीभ यांवरच भरवसा ठेवावा.

तुम्ही येणार तेव्हा ताजे रातांबे मिळत असतील. ते दोन-तीन किलो घेऊन अमृत कोकम (सरबताचा गोड पाक) घरीच करावे असे मी सुचवेन. फळ धुऊन कोरडे करायचे, अर्धे करून बी काढायची, त्या वाटीत साखर भरायची, काचेच्या बरणीत वाट्यांवर वाट्या रचायच्या आणि आठ दिवस उन्हात ठेवायचे. मात्र प्रवासात रातांबे पिशवीत तळाशी ठेवू नका. फुटले की त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.

बियांचे मुठेल कोणाकडे दिसले तर तेही घ्या. बी फोडून, कुटून उकळतात आणि वर आलेली चरबी हाताने वळून तिचे लांबट गोळे करतात. थंडीत टाचांना भेगा पडतात त्यासाठी आमच्याकडे दुसरे औषध कोणी आणत नाही.

चौकस | ६ मे, सकाळी ११.१०

काजूचे काय? लहान काजू तो गावठी आणि मोठा तो बाहेरचा, असे मला एका दुकानदाराने सांगितले होते. ते खरे आहे काय?

परडेवाला | ६ मे, दुपारी १२.३०

अर्धे खरे आहे, म्हणजे खरेदीसाठी निरुपयोगी आहे. जुनी गावठी झाडे लहान बी देतात हे बरोबर, परंतु वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींची कलमे आता घरोघरी आहेत आणि त्यांची बी चांगली टपोरी असते. दुसरीकडे, इथल्या कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही म्हणून आफ्रिकेतून कच्ची बी येते आणि ती इथेच फोडली जाते. असा काजू वाईट असतो असे मी म्हणत नाही, पण तो ‘कोकणचा काजू’ म्हणून विकला जातो हे ठाऊक असावे. ओल्या काजूगरांचा काळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सरतो, त्यामुळे ते तुम्हाला मिळणार नाहीत. कोणी देऊ केलेच तर ते सुकी बी भिजवून काढलेले असतील. ज्या घरी मुक्काम आहे त्यांनाच विचारा. ओळखीपाळखीत कोणी घरी बी भाजून फोडणारे हमखास निघते, आणि असा काजू थोडा करपलेला, तुकडा पडलेला, पण चवीला उजवा असतो.

अढी | ६ मे, रात्री ८.४५

आंब्याविषयी मला एकच गोष्ट आधी सांगायची आहे: मेच्या तिसऱ्या आठवड्यात हापूसच्या मागे लागू नका. आमची बाग देवगड तालुक्यात आहे. किनाऱ्यालगतचा हापूस लवकर येतो आणि तेवढाच लवकर आटोपतो. तुम्ही येईपर्यंत बागांतला बराच आंबा कॅनिंगला जाऊ लागलेला असतो. एखादा पाऊस पडून गेला असेल तर उरलेल्या फळात फळमाशीची भीती वाढते. त्या दिवसांत रस्त्याकडेला जी मोठमोठी, एकसारखी पिवळी फळे मांडलेली दिसतात त्यांचे झाड कोणत्या राज्यात आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा असतो.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पेटीवर ‘देवगड’ असा शब्द छापणे फार सोपे आहे. म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. पुढच्या वेळी एप्रिलमध्ये आलात तर तो पाहून घ्या. स्टिकर नसलेल्या पेटीला तुमचा खालच्या थराचा अनुभव लक्षात ठेवून एकच उपाय करायचा. विकणाऱ्यासमोर पेटी पूर्ण रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. प्रामाणिक विक्रेता त्याला कधी नाही म्हणत नाही. कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. अढीत, म्हणजे गवतात पिकवलेला आंबा एकाच पेटीत थोडा पुढे-मागे पिकतो, तर सगळीच्या सगळी फळे एका दिवशी एकसारखी पिवळी झाली असतील आणि देठाजवळ वास नसेल तर मन शंकित होऊ द्यावे. साक्याचे, म्हणजे गरात आतून होणाऱ्या पांढरट, स्पंजासारख्या बिघाडाचे, मात्र बाहेरून काहीच कळत नाही. त्यात बागायतदारही फसतो, तेव्हा तेवढ्यावरून कोणाला लबाड ठरवू नका.

तुमच्या दिवसांत घ्यायचा तो रायवळ, म्हणजे कलमाचा नव्हे तर बी रुजून आलेल्या झाडाचा आंबा. प्रत्येक झाडाची चव निराळी, रेषा भरपूर, आकार ओबडधोबड. पण कडेला बसलेल्या बायकांकडे तो परड्यातलाच असतो, कारण एवढा स्वस्त आंबा लांबून वाहून आणणे कोणालाच परवडत नाही. आंब्याची साटेही (आंबापोळ्या) त्याच बायकांकडे मिळतील. साट घेताना कडेचा तुकडा मागून चाखावा, साखर जास्त घातलेली असेल तर ती दाताखाली लगेच कळते.

चौकस | ७ मे, सकाळी ९.२०

भाव करण्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. माझे मत स्पष्ट आहे. पर्यटक दिसला की भाव वाढतो, म्हणून भाव केलाच पाहिजे. न करणारा पुढच्या गिऱ्हाइकाचे नुकसान करतो.

रातांबा | ७ मे, सकाळी १०.०५

वाट्यावर दहा रुपयांची घासाघीस करून तुम्ही नक्की कोणाचे नुकसान वाचवता? करवंदांचा एक वाटा जमवायला काट्यांत तासभर जातो. माझी आई बाजारात बसायची. ती सांगत असे की मुंबईकर गिऱ्हाईक दुकानात छापील किंमत मुकाट्याने देते आणि इथे गोणपाटावर आले की त्याला व्यवहार आठवतो.

परडेवाला | ७ मे, सकाळी ११.४५

दोघांचेही थोडे थोडे पटते. आमच्या बाजाराची रीत अशी आहे की भाव पाडून मागण्यापेक्षा वर काही मागितले जाते. वाटा घ्यायचा आणि ‘काकी, वर चार घाला’ म्हणायचे. काकी चारऐवजी सहा घालते आणि दोघांचाही मान राहतो. सगळीच टोपली उचलत असाल तर मात्र भाव जरूर बोलावा, कारण मग तिलाही लवकरची एसटी मिळते आणि त्या सुटकेची किंमत ती आपणहून कमी करते. शंभराच्या खालचे सुटे पैसे घेऊन जा. मोबाइलवरून पैसे घेण्याचा चौकोन आता पुष्कळांकडे असतो, पण काकींच्या बाबतीत तो अनेकदा मुलाच्या खात्याचा असतो आणि पैसे त्यांच्या हाती पडतातच असे नाही. हा माझा स्वतःचा तर्क आहे.

शापोराकाठ | ७ मे, रात्री ९.५०

आठ दिवस हाती आहेत तर शुक्रवारी एक फेरी म्हापशाला मारावी, असे मी गोव्यातल्या बार्देशातून सुचवतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मोठा आहे, आणि सावंतवाडी-दोडामार्ग भागातल्या बायका तिथे फुले, भाजी, नारळ घेऊन येतात, त्यामुळे तुमच्याच मुक्कामाच्या मुलखातला माल तुम्हाला हद्दीपलीकडे भेटेल. मेच्या अखेरीस आमच्याकडे पुरुमेंताची धांदल असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सुकी मासळी, मिरच्या, सोले, चिंच, व्हिनेगर अशी साठवण या दिवसांत केली जाते. मिरच्यांत हरमलची आणि काणकोणकडची खोला मिरची, दोन्ही मानांकन मिळालेल्या, घेण्यासारख्या आहेत. शिवाय मोयऱ्याची केळी. ती मोठी असतात, तिथे पाहताच ओळखाल.

परडेवाला | ८ मे, सकाळी ७.१५

पुरुमेंताला आमच्याकडे आगोट म्हणतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, म्हणून मेचे शेवटचे दोन बाजार सुक्या बांगड्यांनी आणि सुंगटांनी (कोळंबीने) भरलेले असतात आणि त्यांचा वास तुम्हाला बाजाराचा रस्ता दाखवील. सुका बांगडा घेताना पोट दाबून पाहा. ते ओलसर लागले तर पावसात त्याला कीड लागणार हे नक्की. याच बाजारांत बांबूच्या रोवळ्या, सुपे, माडाच्या हिरांच्या केरसुण्या आणि नशीब असेल तर एखादे इरले मिळते.

एक गोष्ट राहिली. खरा परड्या-रानातला बाजार पाहायचा असेल तर कधीतरी गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत या. गणपतीवर बांधायच्या माटवीसाठी लागणारी कवंडळे, हरणे, कांगणे, सुपारीचे घोस, मोठी तवशी (काकड्या) हे सगळे रानातून, कुंपणावरून आणि परड्यातून आलेले असते. त्या दिवसांत बाजाराचा मधला भागही या बायकांच्या ताब्यात जातो, कारण यांतले बहुतेक काही कोणी मुद्दाम पिकवत नाही आणि घाटावरून आणतही नाही.

अंगणवेल | २८ मे, रात्री १०.२०

परत आलो. एवढे तपशिलाने लिहिलेत, तेव्हा हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

बुधवारी सव्वासातला कुडाळच्या बाजारात होतो. मधला भाग ओलांडून कडेला गेलो आणि पहिल्याच गोणपाटावर परडेवाल्यांनी वर्णिलेले चित्र जसेच्या तसे दिसले. दोन फणस, काही नारळ, केळफूल; अंडी तेवढी विकली गेली होती. मी मालवणीत ‘ह्यां तुमच्या परड्यातलां काय?’ असे विचारले. माझे मालवणी ऐकून आजी पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, “परड्यातलां नाय तर काय मुंबयतलां?” त्यानंतर सासूबाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या त्या पाऊण तास उठल्या नाहीत. फणस बरका होता, तो हाताने कसा फोडायचा आणि आठळ्या राखेत कशा ठेवायच्या हे सगळे शिक्षण त्यांना तिथेच मिळाले.

तुमच्या नियमाला अपवादही भेटला. अगदी कोपऱ्यात बसलेल्या, चार-पाच वस्तू थोड्या थोड्या मांडलेल्या एका काकींकडून मी दोडकी घेतली. मग त्यांनी आपणहून सांगून टाकले की ही पहाटे गाडीवरून घेतलेली आहेत, घरची फक्त लाल भाजी आहे. त्यांनी सांगितले नसते तर मला कधीच कळले नसते. पुढे त्याच गाडीवरून मी घनसाळ घेतला आणि चोळून वासही पाहिला. गाडी घाटवाट यांच्याच भावकीची होती की काय, हे विचारायचे राहून गेले.

आमची चूक एकच झाली. जांभळे परतताना घेऊ म्हणून ठेवली आणि साडेदहाला त्या जागी पोहोचलो तेव्हा तिथे फक्त पानांचे द्रोण पडलेले होते. एसटी निघून गेली होती. म्हापसा उन्हामुळे रद्द केले. हापूस घेतला नाही. रायवळ इतके खाल्ले की मुलीने आता वर्षभर आंबा नको असे जाहीर केले आहे, अर्थात ती हे दरवर्षी म्हणते. भाव मी केला नाही, यजमानांनी एकदा केला आणि आजींनी ‘माका परवाडना नाय’ म्हणून पिशवीच परत मागितली. सुके बांगडे तीन पिशव्यांत गुंडाळूनही रेल्वेच्या डब्यात लपले नाहीत. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी कणकवली सुटता सुटता विचारले, “केवढ्याला घेतले?”

आता एक शंका. तिथून आणलेली आमसुले उत्तम निघाली. गडद, वाकणारी, आतूनही जांभळी. मात्र चार दिवसांतच त्यांच्यावर पांढरट थर दिसू लागला आहे. ही बुरशी असेल तर टाकून द्यावी लागतील काय?

रातांबा | २९ मे, सकाळी ६.५०

अजिबात टाकू नका. बोटाने चोळून जिभेवर ठेवून पाहा, खारट लागेल. पुटातले मीठ बाहेर येऊन सालीवर बसले आहे. बुरशी असती तर ती तंतूंसारखी, मऊ दिसली असती आणि तिला कुबट वास आला असता. पाऊस सुरू झाला की तेच मीठ हवेतली ओल धरील आणि आमसुले चिकट होतील, म्हणून आधी एक दिवस ऊन दाखवा आणि मग काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा. डबा स्टीलचा किंवा अॅल्युमिनियमचा नको, आंबटपणा धातूला लागतो. बरणीत हात ओला घालू नका. सोलकढी करताना मात्र सोले भिजवलेले पाणी आधी चाखून पाहा आणि मगच वरचे मीठ घाला.